वाईट साल कोणाच्या अंगावर

न्हावऱ्याला एसटीतून उतरलात की शिरूरचा रस्ता सोडा, चौफुल्याचा सोडा आणि पूर्वेला, घोड नदीच्या अंगाने निघा. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच कांद्याचे वाफे, मधेच एखादं कोरडं रान. इनामगाव येईल. गावाजवळ नदीच्या उजव्या काठाला पांढऱ्या मातीची टेकाडं आहेत. काळीत पिकवायचं आणि पांढरीत राहायचं, हे या मुलखात कोणाला शिकवावं लागत नाही. माणसं पिढ्यान् पिढ्या राहिली, राख सांडली, भिंती पडल्या, शेण जिरलं, की माती अशी पांढरी होते. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी, म्हणजे ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी, ही पांढरी थराथराने उकलली. आज तुम्हाला वरवर फारसं काही दिसणार नाही. पण आपल्याला त्यांचा चर पुन्हा उघडा आहे असं धरायचं आहे. त्याच्या भिंतीला हात लावून उतरत जा. जितकं खाली, तितकं मागे.

इसवी सनापूर्वी १३०० च्या आसपास थांबा. साल कोणी लिहून ठेवलेलं नाही. महिना मी ठरवतो, वैशाख. तुमच्या डोक्यावर मातीची पाटी आहे आणि ती सावरत तुम्ही एका पाटातून वर चढताय. पाट साडेतीन मीटर खोल, म्हणजे तुमच्या खांद्यावर दुसरा माणूस उभा केला तरी त्याचं डोकं बाहेर निघणार नाही असा. रुंदी चार मीटरच्या जवळपास. लोखंड अजून इकडे आलेलं नाही. तांबं आहे, पण ते मातीत घालून झिजवावं इतकं स्वस्त नाही. खणायला टोकदार काठी, तिला वजन यावं म्हणून मधे भोक पाडलेला दगड. जवळच्याच वाळकीला उत्खननात हाडाचा फाळ मिळाला होता. शेताची हत्यारं ही अशी. याच हत्यारांनी एवढा पाट खणला गेला, हे पाटी खाली ठेवून, कंबर सरळ करून एकदा मनात आणा.

पाटाच्या कडेने दगड आणि चिखल घालून बांध चालला आहे. तो पूर्ण होईल तेव्हा सुमारे २४० मीटर लांब असेल. घोड पावसाळ्यात फुगते आणि मग भराभर ओसरते. पूर आला की तो गावात घुसू द्यायचा नाही, या पाटात घ्यायचा आणि शेताकडे वळवायचा. एका खोदकामात गावही वाचतं आणि रानही भिजतं. रानात मुख्य पीक सातूचं आहे. गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा हेही आहेत, पण भार सातूवर, कारण गव्हाला नको असलेली हलकी जमीन त्याला चालते आणि पाणी कमी पडलं तरी तो तग धरतो.

शेजारची बाई तुम्हाला काहीतरी ओरडून सांगते. काय सांगते ते मला लिहिता येणार नाही. या लोकांची भाषा कोणालाच माहीत नाही, आणि त्यांच्या तोंडी शिरूरची बोली घालणं लबाडीचं होईल. हातवाऱ्यांवरून कळतं ते एवढंच: पाटी रिकामी करा आणि परत या.

संध्याकाळी तिच्या मागोमाग गावात जा. घरं चौकोनी, मातीची बुटकी भिंत, त्यावर कूड, वर गवताचं छप्पर. आत चूल आहे आणि जमिनीत पेव. पेवाला आतून चुना लावलेला आहे. तो भाजणाऱ्याचं घरही या गावात सापडलं. लाल मडक्यांवर काळ्या रंगाची नक्षी आहे. मडकं बोटाने वाजवून बघा, धातूसारखं खणखणतं. संगमनेरकडच्या जोर्वे गावावरून पुढे या सगळ्या लोकांना नाव मिळालं, ते याच मडक्यांमुळे. तुम्ही अंग टाकाल त्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून पुरलेले असू शकतात, आणि त्यात या घरातलं गेलेलं मूल. ते लोक आपल्या मेलेल्यांना घराबाहेर नेत नव्हते.

गावाच्या मधोमध पाच खोल्यांचं मोठं घर आहे आणि त्याला लागून धान्याचं कोठार. घर गावप्रमुखाचं असावं आणि कोठारात लोक पिकाचा वाटा आणून घालत असावेत, असा अर्थ ढवळीकरांनी लावला. म्हणजे इथेही सारावसुली होतीच. कुंभार, चुना भाजणारा, सोनार अशी कारागीर मंडळी गावाच्या पश्चिम कडेला राहतात आणि सधन शेतकरी मधे. सगळे सारखे असलेलं रामराज्य शोधायला जे आलेत त्यांनी इथूनच मागे फिरावं. मला रस आहे तो वेगळ्याच गोष्टीत. पाट चांगल्या पावसाळ्यासाठी आहे. पेव घरातल्या तुटीसाठी आणि कोठार गावातल्या. पाटासाठी एवढा घाम गाळणाऱ्या लोकांनी, पाट कोरडा राहील असं साल येणारच, हेही त्याच गावात बांधून ठेवलं आहे.

कोणी मला पर्यावरणपूरक इमारत दाखवली, आदर्श गाव दाखवलं, पाणी वाचवणारं यंत्र दाखवलं, तर माझा एकच प्रश्न असतो: वाईट साल आलं की ते कोणाच्या अंगावर पडतं? छपरावर सोलर पॅनल किती आणि भिंतीत माती किती, हे नंतर बघू.

चारशे वर्षं वर या. चौकोनी घरं गेली आहेत. गोल झोपड्या आहेत, तीन-चारांचा पुंजका, बहुधा एकाच कुटुंबाचा. आत दोन माणसं आडवी झाली की पाय ठेवायला जागा नाही. धान्याचा रांजण चार चपट्या दगडांवर ठेवला आहे आणि तो भरलेला नाही. तुमच्या हातात आज खणायची काठी नाही, गोफण आहे. हरीण मिळालं तर बरं. पावसाने पाठ फिरवली म्हणून हे झालं, असं ढवळीकरांचं म्हणणं. सगळ्या अभ्यासकांना ते तसंच्या तसं पटत नाही. पण झोपडी तुमच्यासमोर आहे आणि पाटाच्या तळाशी गाळ बसत चालला आहे. गाळ काढायला जेवढी माणसं लागतात तेवढी एका जागी जेवू घालण्याची ताकद आता या गावात नाही, असा माझा कयास.

याला अधोगती म्हणायची आपल्याला सवय आहे. मी अर्धवटच मान्य करतो. लोकांनी घर लहान केलं, ताटातलं बदललं, पाय मोकळे ठेवले आणि या हिशेबावर आणखी दोन-तीनशे वर्षं याच काठावर काढली. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव ओस पडलं. आपल्या आजच्या घरांपैकी, शेतांपैकी, कारखान्यांपैकी कशाला असं आकसता येतं? आपल्याकडे वाढायची आखणी असते. आकसायची नसते, म्हणून मग आपण मोडतो.

आता लांब उडी. डिसेंबर १८७४, गाव करडे, न्हावऱ्याहून शिरूरकडे जाताना लागतं तेच. तुम्ही बाबासाहेब देशमुखांच्या घरासमोर गर्दीत उभे आहात. काळूराम नावाच्या सावकाराने दिवाणी कोर्टातून हुकूमनामा आणला आहे आणि घर पाडायला सुरुवात झाली आहे. देशमुखाचं घर! कुणब्याचं पाडलं असतं तर गाव कदाचित गप्प बसलं असतं. हे बघताना मात्र प्रत्येकाला आपला वासा निघालेला दिसतो आहे.

हा सावकार एकटा दुष्ट होता, अशी गोष्ट सांगणं सोपं आहे. पण त्याच्या मागे एक फार नेटकी आखणी उभी होती. भीमेच्या खालच्या अंगाला इंदापुरात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन तरुण अधिकाऱ्यांनी जमीनमोजणी सुरू केली. विंगेट लष्करी इंजिनिअर. त्यांच्याआधी प्रिंगल नावाच्या साहेबाने ठरवलेला सारा इतका जबर होता की माणसं रानं टाकून निघून गेली होती. या दोघांनी शेत मोजलं, जमिनीची प्रत लावली, दर हलका केला आणि तीस वर्षांसाठी पक्का केला. कागदावर याहून सुबक काय असणार? फक्त सारा रोकड होता आणि पाऊस चुकला तरी तो सहसा चुकत नव्हता. मग अमेरिकेत यादवी पेटली, १८६१ ते १८६५ कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि तीस वर्षं भरल्यावर सारा वाढवायचा मुहूर्तही नेमका तेव्हाच आला. सरकारचं वसूल व्हायचं, कारण तो कायदा. सावकाराचं वसूल व्हायचं, कारण त्याच्या बाजूने आता कोर्ट. वाईट साल पडायला जागा उरली ती एकच, आणि ती तुम्ही गर्दीत उभे आहात तिथे.

करड्याने सावकारावर बहिष्कार घातला आणि तो प्रकार गावोगाव पसरला. १२ मे १८७५ ला भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात तो पेटला. दख्खनचे दंगे म्हणून शाळेत ज्याचा धडा होता, ते हे. तुम्ही त्या बाजारात असता तर एक गोष्ट डोळ्यांत भरली असती: लोक सावकाराच्या जिवावर उठलेले नव्हते, त्याच्याकडे रोखे मागत होते. कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढून रस्त्यात जाळल्या. काय जाळायचं हे अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसांना नेमकं कळलं होतं. १८७९ मध्ये सरकारने शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. तोवर पुष्कळ रानांवरची नावं बदलून गेली होती.

पुढचा थांबा थोडक्यात उरकू, कारण तो तुमच्या आजीने तुम्हाला सांगितलेला असेल. १९७३ चा उन्हाळा. दुष्काळी कामावर तुम्ही खडी फोडताय. मिलोची लाल भाकरी, पोरांना सुकडी, दिवस भरल्याचा मस्टरवर अंगठा. पाझर तलावाच्या भिंतीवर पाटी नेऊन ओतायची. त्यातले काही तलाव पुढे खरंच पाझरले, काही नुसतेच खड्डे राहिले. मात्र या सगळ्यातून एक गोष्ट निघाली जिच्यासाठी मी वि. स. पागे यांचं नाव आदराने घेतो. मागेल त्याला काम देणं सरकारवर बंधनकारक करणारा रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये महाराष्ट्राने केला. वाईट साल कुणब्याच्या आणि मजुराच्या पाठीवरून उचलून तिजोरीवर ठेवायचं, तेही दया म्हणून नाही, हक्क म्हणून. १८३६ च्या त्या नेटक्या मोजणीला इतक्या वर्षांनी मिळालेलं हे उत्तर होतं. २००५ मध्ये देशाने ते आपलं म्हणून घेतलं.

भीमा ओलांडा. दौंड मागे टाकून पुरंदरात या. गाव नायगाव. सत्तरचं दशक संपत आलं आहे. विलासराव साळुंखे हे पुण्याचे इंजिनिअर आणि कारखानदार. दुष्काळात पुरंदरची दुष्काळी कामं बघायला गेले आणि तिथे अडकले ते २००२ मध्ये जाईपर्यंत. नायगावला देवस्थानची ४० एकर उजाड जमीन त्यांनी खंडाने घेतली. उतारावर ताली घातल्या, पायथ्याला तलाव आणि विहीर केली, पाणी उचलून वर नेलं. एवढं तर कोणताही चांगला इंजिनिअर करेल. त्यांची खरी कारागिरी पाइपात नव्हती, नियमांत होती.

तुम्ही बैठकीला मागे बसला आहात, कारण तुमच्या नावावर गुंठाही नाही. पुढे नियम वाचून दाखवले जातात. पाणी जमिनीवर नाही, माणशी मिळेल. माणशी अर्ध्या एकराचं, आणि कुटुंब कितीही मोठं असलं तरी अडीच एकरांच्या वर नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. उसाला पाणी नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा ज्याने त्याने आधी रोख भरायचा. पाणी सोडायला पाटकरी गावच नेमेल. आणि शेवटी: ज्याला जमीन नाही, त्यालाही वाटा.

“मला? मी पाणी कशावर सोडू?” तुम्ही शेजारणीला कुजबुजत विचारता.

“अवं, पाणी तुमचं, रान दुसऱ्याचं. वाट्यानं करा की,” ती म्हणते. “आजवर रान त्याचं आन् पाणीबी त्याचं हुतं. आता त्यो तुमच्याकडं येईल.”

तिने दोन वाक्यांत सांगितलं ते समजावून द्यायला अर्थशास्त्राच्या पुस्तकाला प्रकरण लागेल. हिश्शाचा धनी बदलला की गावात नमस्कार कोणी कोणाला आधी करायचा हेही बदलतं. आणि वाटा माणशी असला की तूटही माणशीच पडते. पाणी अर्ध्यावर आलं तर पाटलाचंही अर्ध्यावर येतं. पाण्याची आखणी आणि समाजाची आखणी अशा दोन वेगळ्या गोष्टी नसतात, असं मला नायगाव बघून वाटतं. टोकाच्या शेतकऱ्याला शेवटी आणि कमी पाणी मिळतं, हा कालव्याचा दोष नाही. ती कालव्यात कोरलेली समाजरचना आहे.

आता कडू भाग. साळुंख्यांच्या या प्रयोगाचं नाव पाणी पंचायत. तिच्या योजना पुरंदरात आणि आसपास झाल्या, नाव खूप झालं, अभ्यासक येऊन गेले. राज्याने मात्र त्यातला गाभा उचलला नाही. २००५ मध्ये सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आला, पाणीवापर संस्था आल्या. पण त्यांचा सभासद व्हायला लाभक्षेत्रात जमीन लागते. मागे बसलेले तुम्ही तिथे मागेच राहता. साळुंख्यांचा नियम फार कडक होता, ऊस नको म्हणणं व्यवहारी नव्हतं, असं म्हणणारे भेटतात. असेल. पण व्यवहार म्हणून आपण काय निवडलं ते बघायला परत न्हावऱ्याला चला.

आजचा दिवस. घोडगंगा सहकारी साखर कारखान्याच्या बाजूने जा. सहकारी कारखान्यांना उगाच नावं ठेवायची फॅशन मला मान्य नाही. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे उभं केलं, ते करड्याच्या देशमुखाच्या पडक्या घराला दिलेलं उत्तर होतं: भांडवल शेतकऱ्याचं, कर्ज सहकारी बँकेचं, भाव आपल्या चिमणीखाली ठरणार. शाळा, दवाखाने, रस्ते त्या चिमण्यांभोवती आले. विसाव्या शतकात महाराष्ट्राने केलेली सर्वांत मोठी सामाजिक आखणी ती हीच.

फक्त तिच्यात पेव नव्हतं. कारखाना उभा राहिला की त्याला दर हंगामाला ठरावीक टन ऊस लागतो. पाऊस कमी झाला म्हणून गव्हाण अरुंद होत नाही, कर्जाचा हप्ता लहान होत नाही. शिरूर पर्जन्यछायेतला तालुका. वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस. उसाला इथल्या उन्हात त्याच्या तिपटी-चौपटीने पाणी लागतं. ते चिंचणीच्या घोड धरणातून, चासकमानच्या आवर्तनातून आणि बोअरच्या तळातून येतं. राज्यात लागवडीखालच्या क्षेत्रापैकी ४ टक्क्यांच्या आसपास उसाखाली आणि सिंचनाच्या पाण्यातला ७० टक्क्यांच्या जवळपास वाटा त्याला, हा आकडा वर्षानुवर्षं सांगितला जातो आणि ऐकून सोडून दिला जातो. शेतकऱ्याला दोष देऊ नका. ऊस हे एकच पीक असं आहे ज्याचा भाव आधी माहीत असतो, जे गारपिटीत पूर्ण झोपत नाही आणि जे नेणारा गाडी घेऊन बांधावर येतो. डाळीला यातलं काय दिलं आपण?

मग वाईट साल कुठे गेलं? तुम्ही हंगामात आला असतात तर कारखान्यांच्या आसपास रानात कोप्या दिसल्या असत्या. पाचटाच्या, बुटक्या, काहींवर निळा-काळा प्लास्टिकचा कागद. आत वाकून बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल घेऊन बीडकडून आलेलं. इसवी सनापूर्वी ९०० मध्ये तुम्ही जिथे पाय आखडून झोपला होतात, ती झोपडी याच नदीकाठावर परत आली आहे. तेव्हा सगळं गाव तसं राहत होतं. आता गावाच्या वाटची कोरडी सालं भोगायला माणसं बाहेरून आणली जातात. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय बाहेर आला, राज्याला समिती नेमावी लागली. खाडा पडला की दंड, म्हणून पाळीच नको. वाईट साल किती आत जाऊन पडू शकतं, त्याचा हा पुरावा.

आणि अलीकडच्या हंगामांत न्हावऱ्यातलं गाळपच थांबलं. त्याचं राजकारण तुम्हाला चौकात कोणीही चहाबरोबर ऐकवेल, दोन्ही बाजूंनी. मी त्यात पडत नाही. पण ज्या आखणीला आकसता येत नाही ती एके दिवशी पूर्ण थांबते, आणि मग ऊस दुसरीकडे जातो, कामगार घरी बसतो, कर्ज मात्र जागेवर राहतं.

उरला एक थांबा. २०४८, एप्रिल. इथून पुढचं मी बनवलेलं आहे, पण त्यात एकही वस्तू अशी नाही जी आज कुठे ना कुठे चाललेली नाही. पाण्याचा ताळेबंद नगर जिल्ह्यात हिवरेबाजारने पोपटराव पवारांच्या काळात मांडला: पाऊस किती पडला, पिण्याला किती, उरलं त्यात कोणतं पीक, हे गावाने बसून ठरवायचं, ऊस आणि शेतीसाठी बोअर, दोन्हींना बंदी. माणशी वाटा नायगावचा. ठिबक तर घराघरात माहीत आहे.

गाव न्हावऱ्याच्या पंचक्रोशीतलं, नाव नाही. तुम्ही वाटेकरी आहात. जमीन तुम्हाला अजूनही नाही. सभा एका जुन्या मोठ्या गोदामात भरली आहे. अर्ध्या गोदामात ज्वारी, तूर आणि हरभऱ्याची पोती आहेत, गावाची आणि काही कोयतेवाल्यांचीही, कारण ऊस पूर्ण गेलेला नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी ठरलेल्या एकरांवर तो लावतात आणि तोडायला येणाऱ्यांना पक्क्या खोल्या, संडास आणि पोरांना शाळा दिल्याशिवाय टोळी येत नाही. घरांच्या भिंती पुन्हा जाड मातीच्या झाल्या आहेत, निम्म्या तरी. उरलेली निम्मी अजून सिमेंटचीच आहेत आणि उन्हाळ्यात तापतात. भविष्य झालं म्हणून सगळेच शहाणे होतील असं नाही.

यंदा पाऊस ३१० मिलिमीटर झाला. फळ्यावर तूट लिहिली आहे. नियम असा की तुटीचा पहिला घाव मोठ्या वाट्यांवर, आणि भूमिहीनांचा वाटा सर्वांत शेवटी कापायचा. एक नाना उठतात.

“माझं ठिबकचं कर्ज हाय. मी पाणी वाचवलं, आन् पयला दणका मलाच? ज्यानं पाट मोकळा सोडला त्याचं काय?”

त्यांचं चुकलेलं नाही. सभेत कुजबुज होते. एक मावशी तुमच्याकडे बोट दाखवतात.

“नाना, ह्यांनी पाणी वाचवलं नाय, कारण वाचवाया ह्यांच्याकडं जास्तीचं कवाच नव्हतं. कर्जाचं म्हणाल तर कोठारातनं व्याजाची सूट मागा, आम्ही हात वर करू. पाणी नाय मिळायचं.”

“कोठार काय माझ्या बापाचं हाय?”

“तुमच्या बी बापाचं हाय. त्यांनीच पयलं पोतं टाकलं हुतं.”

हशा होतो, पण नाना बसत नाहीत. आता ते आकड्यावर घसरतात: वरच्या आळीच्या विहिरीची पातळी चुकीची धरली, एक परस पाणी जास्त आहे, तूट तेवढी नाहीच. सेन्सरचा कागद पुढे येतो. सेन्सर गाळात रुतलाय, असं नाना म्हणतात, आणि दोन-तीन माना डोलतात. ठराव तहकूब. सगळी सभा उठून उन्हात विहिरीकडे निघते. मावशींनी टेपचं एक टोक तुमच्या हातात दिलं आहे, कारण ज्याचा वाटा शेवटी कापला जायचा, त्याला कमी-जास्त सांगण्यात फायदा सर्वांत कमी. तुम्ही काठावर पालथे पडून वजन बांधलेली टेप खाली सोडता. ती पाण्याला लागते तसा तुम्ही आकडा ओरडता, कोणीतरी वहीत लिहितं, आणि नाना तुमच्या शेजारी गुडघे टेकून बसतात.

“वजन तळाच्या कपारीत अडकलंय,” ते म्हणतात. “वर घ्या आन् पुन्हा सोडा.”